सानपाड्याहून गावाला

डाव्या हाताची मूठ टेबलावर पालथी ठेवायची आणि तिच्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं, असा आमच्या भूगोलाच्या मॅडमचा पहिला तास. पाणी बोटांवरून ओघळून टेबलावर सांडायचं, मनगट कोरडंच राहायचं. "मुठीचे हे उंचवटे म्हणजे सह्याद्री. पुढे भिजलं ते कोकण, भात आणि आंबा. मागचं कोरडं मनगट म्हणजे आमचा देश, ज्वारी-बाजरी. त्याच्या मागे मराठवाडा, आणि पार कोपराशी विदर्भ. तिकडे पाऊस पुन्हा वाढतो." मग पदराने हात पुसत विचारायच्या, "आता सांगा, कोण कुठला?"

त्या स्वतः माणच्या, साताऱ्याच्या दुष्काळी भागातल्या. मुलं मागून त्यांना 'पर्जन्यछाया' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. "बरोबरच आहे की," म्हणायच्या, "आमच्याकडं ढग येतात, पण वाटेत सगळं सांडून आलेले." कॉलेजच्या व्हरांड्यात ठिबकणारा नळ दिसला की बोलता बोलता तो बंद करून पुढे जायच्या. अशा बाई तुम्हीही कुठेतरी पाहिल्या असतील.

आमचा वर्ग म्हणजे अख्खा महाराष्ट्र. नवी मुंबईत दुसरं काय असणार? प्रत्येकाने आपल्या गावची जमीन, पाऊस आणि पोटापाण्याचं सांगायचं होतं. यवतमाळच्या मुलाने काळी माती आणि कापूस सांगितला, जळगावच्या मुलीने केळी, देवगडच्याने कलमं. माझी पाळी जवळ आली तशी मी वहीत डोकं घातलं. माझे बाबा जासईला कंटेनर यार्डात कामाला. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच.

"गाव?"

"बोनकोडे."

मागून हसू फुटलं. "ए, ते कोपरखैरण्यात आहे. खरं गाव सांग ना! सुट्टीत कुठं जातेस?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. मामाच्या गावाचं नाव सांगून सुटावं, असंही क्षणभर वाटलं. मी खाली बसू लागले.

"बसायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "किनारपट्टीच बसली तर पाऊस येणार कुठून? काय पिकतं तुमच्याकडं?"

"आता... बिल्डिंगी."

वर्ग पुन्हा हसला. मॅडम हसल्या नाहीत. "उत्तर बरोबर आहे. त्याच्या आधी?"

मग मी अडखळत सांगितलं. खाडीचं पाणी अडवणारे बांध, त्यांच्या आतली खारजमीन, तिच्यातला भात, मिठागरं, मासळी. हसणं थांबलं होतं.

"मे महिन्यात मी हिच्या गावाला जाणार," मॅडमनी वर्गाला जाहीर केलं.

आणि त्या खरंच आल्या, सानपाड्याच्या आपल्या घरून. हातात कपड्यांची पिशवी. आई दारातच थबकली.

"बाई, सानपाडा तं ह्यो इथं हाय. तुमी कपडे घेऊन आल्यात?"

"सकाळी येऊन संध्याकाळी परतलं तर ती नुसती भेट, वहिनी. मी गावाला आलेय."

"मंग ऱ्हावा ना!" आई म्हणाली. "आमच्याकडं गावाला म्हनून कोन येतच नाय."

दोन दिवस राहिल्या. तांदळाची भाकरी थापायला बसल्या आणि मोडून ठेवली. "ज्वारीचा हात आहे माझा." जेवताना मासळीच्या काट्यांशी झुंजत बसल्या, तेव्हा आई म्हणाली, "भूगोल सोपा हाय बाई, काटा काडनं कठीन."

संध्याकाळी बाबा त्यांना बांध दाखवायला घेऊन गेले. बांध कसला, तिथे आता एका सोसायटीचं पार्किंग आहे. बाहेरच्या माणसापुढे बाबा हे कधी बोलत नसत. पण त्या दिवशी गेटवर उभं राहून, गाड्यांकडे बोट दाखवत, ते मोठ्याने म्हणाले, "ही आमची जमीन. हितं भरतीचं पानी अडवायचो आमी." मी त्यांच्या शेजारी उभी होते. गेटवर असं ताठ उभं मी पूर्वी कधी राहिले नव्हते.

मॅडम आता निवृत्त होऊन माणला गेल्या. त्यांचा तास नवे सर घेतात. मला आठवते ती त्यांची निघायची सकाळ. आईने ओटी भरली, पिशवीत सुकट कोंबली. परगावी निघालेल्या माणसाला पोचवतात तशा शेजारच्या बायका रस्त्यापर्यंत आल्या. एकीने बजावलंही, "पोचल्यावर फोन करा हां."

रिक्षावाल्याने ही गर्दी पाहून विचारलं, "लांब जायचंय का?"

"सानपाडा," मॅडम म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

रिक्षा वळेपर्यंत आम्ही सगळ्या हात हलवत उभ्या होतो.