देखत मोजणारे मालक

हरलेल्या पोराच्या खांद्यावर एक हात ठेवून मालक म्हणायचे, “थांबा पावणं. देखत मोजू.” दुसऱ्या हातानं तोवर खिशातला फोन बाहेर काढलेला असायचा.

पोरगं माउस आपटून उठलेलं. ‘मशीन लेट हाय’ हे त्याचं गाऱ्हाणं. मी बटण वेळेवर दाबलं, पडद्यावरची बंदूक उशिरा वाजली, म्हणून मेलो. तुम्ही कुठल्याही गेमिंग कॅफेत जाऊन बघा, हरलेला माणूस दुसरं काही म्हणतच नाही. पण ही तक्रार लग्नातल्या मानपानाइतकी मनावर घेणारा मालक मी तरी एकच बघितला.

कॅफे कसबा बावड्यात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सुट्टीला तिथं खेळायला जायचो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारता सांगतो. मालकांनाही पहिल्याच भेटीत सांगितलं. ते म्हणाले, “असं व्हय? मग चित्रं मोजाय बसा. पदवी वाया जायला नको.”

चित्रं मोजणं म्हणजे काय, तेही सांगतो. एका माउसला मालकांनी बारका लाल दिवा जोडला होता. बटण दाबलं की दिवा लागे. तो माउस पडद्याला खेटून धरायचा, समोर स्टँडवर फोन लावायचा, आणि गेममध्ये एक गोळी झाडून दोन्हीचं स्लो मोशनमध्ये शूटिंग करायचं. मग एकेक चित्र पुढं सरकवत बघायचं. दिवा लागल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी जाळ दिसेपर्यंत जितकी चित्रं गेली, तितका उशीर मशीनचा. दर खेपेला थोडं पुढंमागं होतं, म्हणून पुन्हा पुन्हा झाडायचं आणि सरासरी काढायची. आणि हे सगळं तक्रार करणाऱ्याला शेजारी उभं करून.

“आमचं आबा गावच्या डेअरीत दुधाची फॅट बघायचं,” मालक सांगायचे. “दूध घालणाऱ्याला म्हणायचं, बघ बाबा, तुझ्या डोळ्यानं बघ. कोण भांडाय आलं न्हाय कधी.”

मशीन खरंच लेट निघालं, तर मालक हात जोडून माफी मागायचे. असं व्हायचंही. चित्र देखणं दिसावं म्हणून कुणीतरी सेटिंग बदलून गेलेलं असे आणि माउस चिखलातनं चालल्यासारखा चाले. मालक ते सेटिंग बंद करत करत पुटपुटायचे, “गेम खेळाय येत्यात का पोरगी बघाय येत्यात, कळंना झालंय.” पण मशीन बरोबर निघालं, तर पोरानं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, “मशीन न्हाय, मी लेट.” मग सगळ्यांनी हसायचं. हा त्या कॅफेचा कायदा. मीसुद्धा म्हटलेलं आहे. पदवी असून.

अडचण एकच. खाली गिरणी सुरू असली की वरचा मजला थरथरायचा आणि फोनमधलं चित्र हलायचं. मालक जिन्यात जाऊन ओरडायचे, “काकी, जरा गिरणी थांबवा, मोजायचं हाय!”

खालनं गिरणीवाल्या काकींचं ठरलेलं उत्तर यायचं, “तुमचं गिऱ्हाईक खेळतंय, माझं गिऱ्हाईक उपाशी हाय!”

मालक स्वतः चांगले खेळायचे. चांगले म्हणजे, कॅफेची पाच जणांची टीम बाहेरगावी सामन्यांना जाई, त्यात मालक पहिल्यापासून. टीम बदलली, पोरं शिकून पुण्याला गेली, लग्नं झाली. मालकांची जागा कायम. चाळिशीला टेकलेला माणूस विशीतल्या पोरांच्या मधे बसून दाताखाली जीभ धरून खेळायचा, हे दृश्य बघण्यासारखं होतं.

पुढं पुढं मात्र मालक स्वतःच्याच मशीनवर नाराज दिसू लागले. “काय तर अडतंय,” म्हणायचे. माउस बदलला. नवा माउसही महिनाभरात उतरला. वायर बदलली, पडदा बदलला, एकदा तर खुर्ची बदलली. खुर्चीमुळं गोळी कशी लेट होते, हे मी क्वालिटीवाला असून विचारलं नाही. उतरलेला माल पोरांच्या मशीनला लागायचा. पोरं खूश. “मालक, परत कधी संशय येणार हाय? मला तुमचा माउस पायजे,” असं तोंडावर विचारायची.

अशात सांगलीच्या सामन्याची टीम निवडायची वेळ आली. चार जण ठरले. पाचव्या जागेला मालक होते, आणि आजऱ्याची एक मुलगी. इथं इंजिनिअरिंगला होती, बावड्यातच खोली घेऊन राहायची. तोंडानं फटकळ. मालक तिला ‘आजरेकर’ म्हणायचे. ठरलं असं, की दोघांनी समोरासमोर खेळायचं, जिंकेल तो सांगलीला जाईल. ही कल्पना मालकांचीच. बाकीचे त्यांना तशीच जागा देत होते.

दोघं गेममधल्या एका दाराच्या अल्याडपल्याड आले. दोघांनी एकमेकांना एकदमच बघितलं, आणि मालक मेले. पुढच्या डावातही मेले. असं होत होत बरेच डाव गेल्यावर मालकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मी कवाचा दाबालोय, बंदूक आत्ता वाजाली. मशीन लेट हाय.”

सगळ्या कॅफेच्या माना वळल्या. हे वाक्य मालकांनी ऐकायचं असतं, म्हणायचं नसतं.

“मग देखत मोजूया की मालक,” आजरेकर म्हणाली.

“खाली गिरणी चालू हाय. फोन हलतोय.”

एक पोरगं जिन्यात पळालं. गिरणी बंद झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एका हाकेत बंद झाली, आणि कोपरापर्यंत पिठात माखलेल्या काकी स्वतः वर आल्या. “मालक म्हंत्यात मशीन लेट हाय? मग बघाय पायजे.”

मी मोजायला बसलो. माझ्यामुळं माल परत गेला की लोक चिडतात, त्याची मला सवय आहे. पण त्या दिवशी चित्रं सरकवताना अंगठा जड झाला. दोन-तीन चित्रं जास्त सांगितली असती, तर मालक सांगलीला गेले असते. मालक शेजारीच उभे होते, पण फोनकडं बघत नव्हते. आधी त्यांचं मशीन मोजलं, मग आजरेकरचं, मग पुन्हा त्यांचं.

“सांगा की,” मालक म्हणाले.

“तुमचं मशीन तिच्यापेक्षा फास्ट आहे.”

आजरेकरच म्हणाली, “राहू दे मालक. मी पुढच्या खेपेला जाईन.”

“राहू दे कसं? कायदा हाय.” मालक पुढं आले, शर्ट खाली ओढला, प्रतिज्ञेला उभं राहावं तसे ताठ झाले. “मशीन न्हाय,” म्हणाले, आणि थोडं थांबून, “मी लेट.”

कुणी हसलं नाही.

“हसा की लेकानु! मी हसलो न्हाय व्हय तुमास्नी?”

मग पोरं हसली. काकी हसल्या नाहीत.

मालक पुन्हा खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, “आता उलटं मोजा. पडद्यावर माणूस दिसल्यापासनं माझा दिवा लागंपतोर. मशीनचं कळलं. माझं किती, तेबी कळू दे.”

तेही मोजता येतं. मी फोन पुन्हा स्टँडवर चढवला.

“माझं दळण राहिलंय,” काकी म्हणाल्या आणि तरातरा खाली गेल्या. गिरणी सुरू झाली. टेबल थरथरायला लागलं, स्टँड सरकून आडवा झाला. मालकांनी जिन्यातनं दोन हाका मारल्या, पण खालनं उत्तर आलं नाही. आम्ही वाट बघितली. गिरणी संध्याकाळपर्यंत थांबलीच नाही. घरी जाताना मी खाली डोकावलो. रांगेत एकही डबा नव्हता. काकी भिंतीला टेकून रिकामी गिरणी चालवत बसल्या होत्या.

तो कॅफे आता नाही. तिथं शिवणक्लास चालतो, आणि मालक सासुरवाडीकडं, कर्नाटकात, जाऊन राहिलेत. मला ते आठवतात सांगलीतले.

सांगलीला ते आमच्याबरोबर आले होते. “पोरीला खुर्ची बरी मिळती का बघाय आलोय,” असं येताना गाडीत दोनदा म्हणाले. सामना सुरू झाला. आजरेकर खेळायला बसली, तिच्या मागं मालक, मालकांच्या शेजारी मी. पडद्यावर कुणी भिंतीआडून डोकं काढलं की तिची गोळी सुटायची, आणि इकडं मालकांचं बोट मांडीवर दाबलं जायचं. दर वेळी तिच्या गोळीच्या मागनं, केसभर उशिरा. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. नजर पडद्यावर, जीभ दाताखाली.

त्यांचा तो मोजायचा फोन माझ्याकडं सांभाळायला दिलेला होता. मी तो माझ्या मांडीवर पालथा ठेवला. मालक दाबत राहिले.