लांडग्याचा कोट

सांगलीत एका बाईंच्या घरी राहून मी कॉलेज केलं. आमच्या घरात पहिली पदवी मला मिळाली ती त्यांच्यामुळं. पुढं त्यांच्याकडच्या जुन्या कपड्यांचा संग्रह सांभाळायचं कामही त्यांनीच दिलं. त्यात परदेशात शिवलेला, शंभरेक वर्षांपूर्वीचा लांडग्याच्या कातड्याचा एक कोट होता. सुती हातमोजे घातल्याशिवाय मी त्याला कधी हात लावला नाही.

एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी बाईंच्या गल्लीपर्यंत आलं. "तुमच्या आटपाडीकडं कोरडं असतं," त्या म्हणाल्या. "कोट तू घेऊन जा. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही." त्या शब्दांनी मी हरखून गेले. घरी कोटाची पेटी ठेवली, बाईंनी दिलेली किल्ली कुलपालाच राहू दिली आणि तशीच आईबरोबर पाण्याला गेले. पेटीत काय आहे, हे आबांना सांगायचं राहिलं.

आम्ही मेंढपाळ. घोंगडं पेटीतून निघालं की उन्हात टांगून काठीनं झोडपायचं, म्हणजे लोकर खाणारी कसर झडते, ही आमची रीत. आबांनी लेकीला मदत म्हणून पेटी उघडली आणि तेच केलं.

मी परतले तेव्हा कोट बाभळीला टांगलेला होता. प्रत्येक तडाख्याला वाळलेलं कातडं तडकत होतं, केसांचे पुंजके उडत होते.

"आवं आबा, थांबा!"

ते थांबले, पण माझ्या ओरडण्यानं नाही. फाटक्या जागी त्यांचा डावा हात अडला होता. त्या हाताला दोन बोटं नाहीत. कोकराच्या नरड्यातून लांडग्याचा जबडा उचकटताना गेली.

"ही लोकर न्हाई," ते म्हणाले. "लांडगं हाय हे. लांडगं घरात आणलंस?"

"जुना कोट हाय, आबा. बाईंचा."

"अंगात घालत्यात व्हय लोकं ह्याला? लय हौस!"

आता काठी कसर झाडायला पडत नव्हती. आबांचा आवाज चढताच दोन्ही कुत्री कोटावर तुटून पडली. एकानं बाही धरली, दुसऱ्यानं गळा. कोट फांदीवरून खाली आला तशी मी त्यावर आडवी पडले. पुढचा फटका माझ्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं आधी ऐकू आलं, दुखलं नंतर.

आबांनी काठी फेकली आणि कुत्र्यांना लाथा घालून हाकललं. आई माझ्याच ओढणीनं माझा हात बांधत होती. फाटलेल्या अस्तरातून कातड्याची आतली बाजू दिसत होती. तिथं बारीक ठिगळं होती, सगळी पाठीवर. मी ती कधी पाहिली नव्हती. आबांनी एकेका ठिगळावर बोट ठेवलं.

"छर्रे. पळताना मारलंय ह्याला, मागनं." हात मागं घेत म्हणाले, "मी समोरनं मारलं हुतं."

पाणी ओसरल्यावर प्लॅस्टरचा हात घेऊन सांगलीला गेले. एसटीत सगळा दोष कुत्र्यांवर टाकायचं ठरवलं होतं. पण बाईंनी पेटी उघडून "कुणी?" असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "आबांनी. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं."

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग कोटाकडं. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. फक्त पेटीची किल्ली मागून घेतली आणि संग्रहाची नोंदवही पुढं सरकवली.

"काय झालं ते लिही. सगळं."

डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, मी छर्ऱ्यांपासून सुरुवात केली. काम अजून तिथंच करते. ती किल्ली मात्र त्यांच्याकडंच आहे.