तिसऱ्या ओळीच्या पट्ट्या

डोळा लागण्याच्या अलीकडे, जिथे बाहेरची चाहूल कळते पण हाक मारता येत नाही, तिथे हेमलताला दर वेळी तोच रविवार गाठतो. मागच्या वैशाखातला. अण्णांचा शेवटचा धड दिवस.

त्या सकाळी माणसं नेहमीसारखी गायरानात श्रमदानाला जमली होती. गुरंही तोंड लावत नव्हती अशा त्या मुरमाड जमिनीवर गावाने सगळ्यांच्या मालकीची फळबाग उभी केली होती. कल्पना शामराव मगरांची, म्हणजे तिच्या अण्णांची. गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी केलेला माणूस. त्या दिवशीचं काम सोपं होतं. आंब्याच्या कलमाचा जोड प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला असतो. जोड धरला की पट्टी सोडायची. नाही सोडली तर खोड जाड होत जातं, पट्टी सालीत रुतते आणि झाडाचा गळा आवळते. प्रत्येकाला एकेक ओळ दिली होती. शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या हेमलताच्या वाट्याला तिसरी आली.

तिने वाटेवरून दिसतील तेवढ्या चार झाडांच्या पट्ट्या सोडल्या आणि करंजाखाली पुस्तक उघडून बसली.

"सोडल्यास?" दुपारी बागेतच सगळ्यांबरोबर जेवताना अण्णांनी विचारलं.

"सोडल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या की."

त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोडवून तिच्या ताटात टाकला. लहानपणापासून तो तिचाच. संध्याकाळच्या एसटीने ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, बागेत चिटपाखरू नसताना, अण्णा तिसऱ्या ओळीत पडले.

संध्याकाळी झाडांना पाणी घालायला आलेल्या शेवंताकाकूंना ते सापडले. उन्हाने घात केला, असं डॉक्टर म्हणाले. गाव म्हणालं, आपल्या झाडांत गेला माणूस, असं मरण मागून मिळत नाही. शेवंताकाकूंनी अण्णांच्या खिशातल्या वस्तू हेमलताच्या ओंजळीत ठेवल्या: चाकू, चुन्याची डबी आणि प्लास्टिकच्या आठ चिंध्या. चिंध्या कसल्या, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

त्याला आता वर्ष झालंय. तिसऱ्या ओळीतली पहिली बारा झाडं हिरवीगार आहेत. त्यापुढची पिवळी पडलीत. एक तर परवाच्या वाऱ्यात जोडापाशीच मोडलं. पट्ट्या सालीने गिळून टाकल्यात, वरून काही दिसत नाही. काहीतरी रोग आहे, बाकीच्या बागेत जाण्याआधी उपटून जाळू, असं सगळ्यांनी ठरवलंय. आज, चार वाजता. कालच वर्षश्राद्ध झालं. हेमलता बागेतल्या अवजारांच्या खोलीत पोत्यांवर आडवी झालीय. वर पत्रा तडतडतोय. बाहेर शेवंताकाकू येणाऱ्यांच्या चहासाठी चूल पेटवतायत. धूर आत येतो, मग येत नाही.

"सरक," अण्णा म्हणतात.

ती सरकते. ते पोत्यांच्या कडेला टेकतात. एकाच पायात चप्पल आहे. दुसरी त्या दिवशी कुणाला सापडलीच नव्हती.

"विंचवाच्या जागेत निजलीस. घर काय पडलंय का?"

"अण्णा, जेवलात?"

"मेलेल्याला जेवण विचारतीस. शिकल्यासवरल्याची ही तऱ्हा." ते हसतात. दात पूर्वीचे, कवळीच्या आधीचे. "चल. पेशंट खोळंबलेत."

मागच्या दाराने ते दोघं दवाखान्यात जातात. अवजारांच्या खोलीला मागचं दार नाही. फिनेलचा वास येतो. टेबलावर गाय नाही, बैल नाही, एक आंब्याचं रोप आडवं ठेवलंय, मुळांना ओली माती. भिंतीकडेच्या बाकावर आणखी रोपं एकमेकांना टेकून बसलीत. एकाचंही पान हलत नाही.

"कुणाची ही?" अण्णा हात धुताधुता विचारतात.

तिला माहीत आहे. ती नळाकडे बघत राहते.

"बरं. नको सांगूस."

ते कपाट उघडतात. आत औषधाच्या बाटल्यांऐवजी पुस्तकं आहेत, आणि हे तर तिच्या कॉलेजचं ग्रंथालय. लांबलचक, थंड. फरशीवर करंजाची फुलं पडलीत, चालताना पायाखाली चुरडतात. अण्णा एक पुस्तक काढून तिच्यासमोर धरतात.

"त्या दिवशीचं. पुरं झालं का?"

"नाही."

"का गं?"

"नंतर उघडलंच नाही."

"एवढं काय होतं त्यात?"

ती आठवायला बघते. पुस्तकाचा रंग आठवतो. आतलं एक वाक्य आठवत नाही. अण्णा वाट पाहतात, डॉक्टर येईपर्यंत जनावराशेजारी उभे राहायचे तसे, घाई न करता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणते.

"करंजाखालनं ओळ दिसती. ओळीतनं करंज दिसत नाही व्हय?"

"मग बोलला का नाहीत? तिथेच ओरडायचं होतं."

"सोडल्या म्हणालीस. चार माणसांत पोरीला खोटी पाडू?"

"मग सकाळी जायचं. संध्याकाळी जायचं. भर दुपारी कुणी जातं?"

"सकाळ-संध्याकाळ माणसं असत्यात." अण्णा पुस्तक जागेवर ठेवतात. "दुपारी कुणी बघत नाही."

आता पायाखाली मुरूम आहे. ऊन सरळ डोक्यावर आलंय आणि झाडांना सावलीच नाही. तिसरी ओळ दोन्ही बाजूंना लांबत गेलीय, टोक दिसत नाही. अण्णा खिशातून एक पट्टी काढतात आणि तिच्या करंगळीशेजारच्या बोटाला गुंडाळतात. हात तोच, सरावाचा, हलका. एक वेढा, दुसरा, तिसरा. गाठ.

"घट्ट झालं, अण्णा."

"दुखतंय?"

"दुखतंय."

ते तिच्याशेजारी बसून राहतात. बोट लाल होतं, मग जांभळं. ती हात पुढे करून ठेवते, काढून घेत नाही.

"आता?"

"आता नाही दुखत. बधिर झालंय."

"हं." ते मान हलवतात. "बरं वाटलं असं वाटतं तेव्हा. कितीतरी गुरांचे पाय मी असेच गेलेले बघितलेत. मालक सांगायचा, काल ओरडत होतं, आज गप आहे."

"सोडा ना."

"मी?" अण्णा आपल्या हातांकडे बघतात. हात कोपरापर्यंतच आहेत, पुढे नुसतं ऊन. "मला जेवढ्या जमल्या तेवढ्या सोडल्या, हेमे."

ते उठतात आणि ओळीतून पुढे जातात. तेराव्या झाडापाशी थांबतात. ती हाक मारायला तोंड उघडते. तोंडात धूर जातो.

"हेमा, ए हेमा! ऊठ बाई, चार वाजायला आलं की. माणसं कुदळी घेऊन आलीत."

पत्रा. पोती. दारात शेवंताकाकू, हातात चहाची किटली. त्यांच्या मागे पुरुषांचे आवाज. कुणीतरी विचारतंय, कुठल्या टोकाकडून सुरुवात करायची.

हेमलता उठून बसते. उजव्या हाताचं एक बोट लाकडासारखं झालंय. ती ते उजेडात धरते. शेंडा जांभळा आहे. मधल्या पेराखाली तीन वळ आहेत, एकाशेजारी एक, खोल. पट्टी कुठेच नाही. पोत्यावर नाही, पदराखाली नाही. अंगठ्याने दाबलं तर वळ बुजत नाहीत.

"काय चावलं का?" शेवंताकाकू वाकून बघतात. "पोत्यांत निजू नको म्हणलं होतं मी. दाखव."

बोटात रक्त परततं. मुंग्या येतात, मग ठणका. तो वाढत जातो आणि ती त्याला वाढू देते.

"काकू, त्यांना थांबवा."

"का गं?"

"झाडांना रोग नाही. जोडावरची साल चिरून बघा, आत पट्ट्या सापडतील. अजून सोडता येतील. सगळी नाही, पण काही जगतील."

"पट्ट्या?" किटली जमिनीवर टेकते. "त्या तर मागल्या वर्षीच सोडल्या ना सगळ्यांनी? ज्याची त्याची ओळ…"

काकू बोलता बोलता थांबतात. अण्णांच्या खिशातल्या त्या चिंध्या त्यांनीच तर तिच्या हातात दिल्या होत्या. बाहेरचे आवाजही थांबलेत. दोघं-तिघं दारापर्यंत आलेत.

हेमलता उभी राहते. बोट ठणकतंय.

"तिसरी ओळ माझी होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते. "पहिल्या चार झाडांपुढच्या पट्ट्या मी सोडल्या नव्हत्या. अण्णांना सोडल्या म्हणून सांगितलं. माझं राहिलेलं काम कुणाला दिसू नये म्हणून ते उन्हात आले होते."