तीन पिनांचा बोर्ड

जुलैतला दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. जागा: मुरबाडच्या बाजारपेठेतलं कॉम्प्युटरचं दुकान. हजर: मी, माझी लेक आणि दुकानदार. गैरहजर: माझे धाकटे दीर. गावातली वायरिंगची कामं तेच करतात. बरोबर येतो म्हणाले होते, पण भाताची लावणी सुरू झाली आणि ते खाचरात उतरले.

लेकीला कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला होता. आमच्या टोकावड्याहून रोज जाऊन-येऊन करायचं की कल्याणला आत्याकडे राहायचं, एवढंच ठरायचं होतं. आत्याकडे गेम चालणारा चांगला कॉम्प्युटर आहे. "घरी तसला आला तर रोज एसटीने जाईन," ती म्हणाली, आणि मी त्याच संध्याकाळी यादी करायला बसले. आठवडाभर भाकरी थापतानाही मधेच उठून खाडाखोड करत होते.

दुकानदाराने कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, बस्ता बांधायला आलात का काय?"

"बस्त्याला निदान मुलीची पसंती इचारतात," लेक म्हणाली.

टोमणा मला होता. ग्राफिक्स कार्डावर मी काट मारली होती. प्रोसेसरमध्येच चित्राची सोय असली की कॉलेजचं काम भागतं, हे मी चौकशी करून ठरवलं होतं.

"कॉलेजचं भागतं गो आई, गेम हलत नाय. मग आत्याकडंच बरं."

हसत म्हणाली, पण मी कार्ड परत लिहिलं. त्याच्या बदल्यात दिव्यांचं कॅबिनेट गेलं, साधं पत्र्याचं आलं. स्क्रीन वापरलेला घेतला. रॅमची एकच पट्टी, दुसरीची जागा मोकळी ठेवली. पॉवर सप्लायही हलका घ्यावा म्हटलं, तर दुकानदाराने हात जोडले. "तिथे नको. तो गेला तर जाताना बाकीच्यांना घेऊन जाईल." मग यूपीएस. मग त्याने विचारलं, "घरी अर्थिंग आहे ना?"

"आहे. तीन पिनांचा बोर्ड आहे," मी सांगितलं आणि टिक केली.

रविवारी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. गेमही चालला. लेक खुर्चीतच उड्या मारत होती. तेवढ्यात तिचा अनवाणी पाय ओलसर फरशीवर आणि गुडघा कॅबिनेटला लागला. "आई, करंटच्या मुंग्या आल्या!"

दीर चिखलाच्या पायांनीच टेस्टर घेऊन आले. बोर्ड उघडला. "वयनी, तिसऱ्या भोकामागं वायरच नाय."

"मग भोक कशाला ठेवलंत?"

"शोभेला! घर बांधलं तवा तुमीच बोललात, पंख्याला नि टीव्हीला दोन पिना पुरतात, अर्थिंगचा खड्डा नको."

मी घराच्या बांधकामाची वही काढली. पान सापडलं. 'अर्थिंग: नंतर.' अक्षर माझंच.

अर्थिंग होईपर्यंत कॉम्प्युटर लावायचा नाही, असं दिरांनी बजावलं, आणि सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. लेकीने चार ड्रेस पिशवीत भरले. "अर्थिंग झालं की फोन कर, लगेच येते," म्हणाली आणि सकाळच्या एसटीने आत्याकडे गेली.

दीर म्हणतात, लावणी उरकू दे. आख्खा गाव खाचरात आहे, मजूर मिळत नाही. मी स्वतःच अंगणाच्या कडेला कुदळ घेतली. गुडघ्याएवढं खणल्यावर दगड लागला. आता खड्ड्यात पाणी साचलंय. त्यात भरायच्या कोळशाच्या आणि मिठाच्या पिशव्या पडवीत आहेत, मिठाला पाणी सुटायला लागलंय. लेकीचा रोज संध्याकाळी फोन येतो. पहिल्या दिवशी "झालं का?" विचारलं होतं. काल विचारलं नाही, आत्याच्या हातच्या पुऱ्यांबद्दलच बोलत राहिली.

दगड फुटेल. पण कुदळीचा दांडा सैल झालाय, आधी त्यात पाचर ठोकायला हवी.