गळ्यातली किल्ली

"परक्या बाईच्या हातात किल्ली दिलीस तू. मी समोर बसलो होतो, ताई."

"म्हणूनच दिली."

"दहा महिने झाले, हात नाही लावलाय मी."

"आधीपण असंच म्हणायचास."

महाप्याच्या संशोधन केंद्रातल्या बाकावर शर्मिला आणि तिचा धाकटा भाऊ सुगत भांडत होते, पण आवाज वर जात नव्हता. ही सवय तुर्भ्याच्या घराची. तिथल्या भिंती इतक्या पातळ की कडाक्याचं भांडणही कुजबुजत करावं लागे.

शर्मिला तुर्भ्यातच मसाल्याच्या कारखान्यात, पॅकिंगवर सुपरवायझर. आई गेली तेव्हा सुगत नववीत होता. त्याला हिनेच वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न आधी पुढे ढकललं आणि मग तो विषयच बंद केला. सुगत पार्ट्यांना साउंड लावायला लागला. रात्र काढता यावी म्हणून तिथल्याच कुणीतरी त्याला कोकेन दिलं, आणि पुढची आठ वर्षं तो ते घेतच राहिला.

त्या आठ वर्षांत शर्मिलाच्या घरातून पांढरी पूड म्हणून जे काही असतं ते हद्दपार झालं. मैदा नाही, टाल्कम नाही, दारात रांगोळी नाही. बुटांचे तळ, फ्लशची टाकी, पंख्याची पाती, सगळीकडे तिचे हात फिरून आले. एक दिवस ती कामावरून आली तर कपाटावरची पितळी बुद्धमूर्ती गायब. आईने नागपूरहून येताना अख्खा प्रवास मांडीवर घेऊन आणलेली. कुलूप शाबूत होतं. सुगतकडे किल्ली होती ना. त्याच संध्याकाळी तिने कुलूप बदललं, एकच किल्ली ठेवली आणि ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आंघोळीलाही ती उतरत नसे.

पुढे सुगत व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि घणसोलीत मित्राच्या खोलीवर टेकला. वर्षानुवर्षं कोकेन घेतलेल्यांच्या मेंदूचं काय होतं, याचा महाप्यात अभ्यास चालला होता. तुलनेसाठी त्याच घरातलं, कधीच नशा न केलेलं माणूस हवं होतं. सुगतने विचारलं, शर्मिला हो म्हणाली. त्याचं डोकं आतून दिसतं तरी कसं, हे तिलाही एकदा बघायचंच होतं.

एमआरआयच्या मशीनजवळ धातू चालत नाही. गेल्या आठवड्यात स्कॅनच्या वेळी तिने बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टीपिना काढल्या, कानातलं काढलं, आणि किल्लीपाशी हात अडला. प्रेमला नावाची टेक्निशियन सहज म्हणाली, "भावाकडे द्या ना, बाहेरच बसलेत." शर्मिलाने किल्ली प्रेमलाच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ स्वतः घट्ट मिटली. दार उघडं होतं. सुगतने बघितलं.

तेच आज बाकावर निघालं होतं. तेवढ्यात डॉक्टर क्षिप्राने दोघांना आत बोलावलं.

क्षिप्रा तरुण होती, जपून बोलणारी. स्क्रीनवर सुगतचा मेंदू होता. मनाला आवर घालणाऱ्या भागाचं काम कमी दिसतंय, ती म्हणाली, पण बरीच माणसं एकत्र तपासल्याशिवाय ठाम काही सांगता येणार नाही.

"बघ," सुगत शर्मिलाकडे वळला. "माझ्या हातात नव्हतंच ते."

आपण असं म्हटलेलं नाही, क्षिप्राने लगेच सांगितलं. मग ती चाचरली. शर्मिलाचं स्कॅन तुलनेत घेता येणार नव्हतं. मशीनमध्ये तिला चित्रं दाखवली होती. खुर्ची, झाड, मध्येच आरशावर पांढऱ्या पुडीची रेघ. खुर्चीला काही नाही. पूड दिसली की मात्र मेंदू असा पेटायचा, की नशेशी संबंध नसलेला माणूस म्हणून ते स्कॅन धरता येत नव्हतं.

"विचारावं लागतंय," क्षिप्रा म्हणाली, "तुम्ही स्वतः कधी..."

सुगत फिस्सकन हसला. "ताईपण फेल."

शर्मिलाचा आवाज पहिल्यांदाच वर गेला.

"घेतली नाही हो, डॉक्टर. शोधली. हा रात्री कामाला गेला की मी गाद्या उसवून बघायचे. अजून साखर सांडली तरी मी आधी हुंगून बघते. याचं डोकं तुमच्या अभ्यासात बसलं, माझं बाद. मग मला कुठल्या गटात घालणार?"

"तसा गट आमच्या अभ्यासात नाहीये."

"नाहीये. याने घरातला बुद्ध विकला, तर याच्या डोक्याचे फोटो निघतात, डॉक्टर बसून बघतात. मी घर धरून बसले, तर मी खराब माल." ती सुगतकडे वळली. "तुझं डोकं पुडीने बिघडवलं म्हणतोस. माझं कोणी बिघडवलं?"

सुगतचं हसू केव्हाच गेलं होतं.

"मी," तो म्हणाला. आणि मग, अगदी खाली बघून, "वर्ष पूर्ण झालं की देशील किल्ली? एवढंच सांग, ताई."

शर्मिला उठली. पर्स खांद्याला लावली, ब्लाउजवरून किल्ली चाचपली, आणि दार ढकलून निघून गेली.