बुरुजावरचं निशाण

शुक्रवार, म्हणजे साहेब यायचा दिवस. इर्मट्राउट बुरुजाच्या पहिल्याच पायरीवर बसली होती. मांडीवर निशाणाची घडी होती, आणि वर चढणं काही तिच्याच्यानं होईना.

मालक घरात असला की बुरुजावर निशाण चढायचं, ही जर्मनीतल्या आल्टनब्रुंखच्या गढीची जुनी रीत. ते दिसलं की खालच्या गावातली पावभट्टीवाली गेर्लिंडे पाव घेऊन निघायची. इर्मट्राउट पोरवयात इथे कामाला लागली. पुढे माळी गेला, आचारीण गेली, दरवान गेला. जो तो आपलं काम मागे ठेवून गेला आणि ते हिच्या पदरात पडलं.

गढी तरी कशी! बुरुज सगळ्यांत जुना, भिंत अशी जाड की खिडकीतून हात काढला तर बाहेर पोचायचा नाही. निवासाची बाजू सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या लढाईत जळाली, मागाहून बांधली, म्हणून तिथल्या खिडक्या ऐसपैस. आणि साहेबांच्या आजोबांनी नदीपलीकडच्या शेजाऱ्याच्या ईर्ष्येनं बुरुजाला टोकदार छपराची टोपी चढवली. जुन्या भिंती मुकाट उभ्या आहेत. गळते ती टोपीच. तिच्याखालच्या बादल्या ओतायच्या इर्मट्राउटनं.

कासेल शहरात तिची धाकटी बहीण वालबुर्गा राहायची. घराला लिफ्ट. "ये गं, खोली रिकामीच आहे," म्हणायची. ईस्टरपासून इर्मट्राउट साहेबांना सांगेन म्हणत होती. पण जीभ उचलेना. त्यांची बायको केव्हाच सोडून गेलेली. आपणही गेलो तर या माणसाला उकडलेलं अंडंसुद्धा मिळायचं नाही.

तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. साहेब, म्हणजे बॅरन योआखिम, आत आले.

"इर्मट्राउटबाई, निशाण कुठंय? मला वाटलं, मी मेलोबिलो की काय!"

"तुम्ही नाही साहेब, माझे गुडघे मेले."

"द्या इकडं."

निशाण गळ्यात टाकून ते वर निघाले. पावलं वाजली, मग खोकला, मग काहीच नाही. इर्मट्राउट भिंत धरधरून वर गेली. पहिल्याच वळणावर साहेब बसलेले, तोंड पांढरं. ती खालच्या पायरीवर टेकली.

"किती पायऱ्या आहेत हो?"

"मोजल्या असत्या तर कधी चढलेच नसते."

"पाव आला का?"

"निशाण नाही, तर पाव कुठला?"

ते हसले. एवढं हसू आलंय तर आताच, असं मनाशी म्हणून ती बोलून गेली, "साहेब, मला बहिणीकडं जायचंय. कायमचं."

साहेब गळ्यातल्या निशाणाच्या दशा ओढू लागले.

"हा बुरुज मला कधीचा बंद करायचाय," ते म्हणाले. "पण तुम्ही इतक्या भक्तीनं निशाण चढवता, म्हटलं बाईंचं मन मोडेल."

"भक्ती? अहो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मरत होते मी!"

दोघांनाही हसायचं होतं, पण दम नव्हता. इतकी वर्षं एकमेकांच्या भिडेपोटी ही चढण चालू राहिली होती.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "अंडं उकडायला मात्र शिकवून जा."

खाली उतरून ती बुरुजाला कुलूप लावत होती, तर फाटकातून गेर्लिंडे धापा टाकत आली, हातात पाव. "अगं, गाडी दिसली, निशाण दिसेना! काय झालं? आता आम्हाला कळायचं कसं, साहेब आलेत ते?"

"स्वयंपाकघराचा धूर बघायचा," इर्मट्राउट म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून साहेब स्वतः रांधणार आहेत. धूर पार नदीपल्याड दिसेल."