श्रावणातली पारख

उलव्याच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे काका स्पार्कलिंग वाइनचे जाणकार. नाशिकला द्राक्षमळ्यांची एक सहल काय केली, तेव्हापासून कोरडी, गोड, गुलाबी, सगळ्यांवर त्यांचं मत असतं. घोट घेतात, गालात खळखळवतात, बाटलीची किंमत विचारतात आणि म्हणतात, "क्लास!" महाग असली तर दोनदा म्हणतात.

श्रावणात मात्र काका थेंबाला शिवत नाहीत. नुसता वास घेतात आणि ग्लास कानाला लावून बुडबुडे ऐकतात. तेव्हाचं त्यांचं मत कधी चुकत नाही. म्हणून मी बाटल्या श्रावणातच घेऊन जातो.

परवा माझ्या दोन बाटल्यांचे दोन ग्लास भरले. तिसरा काकूंनी आतून भरून आणला.

पहिला ऐकून काका म्हणाले, "बारीक बुडबुडे. टिकणार ही." दुसरा हुंगून म्हणाले, "गोड आहे, पण जीव आहे." तिसरा आधी एका कानाला लावला, मग दुसऱ्या.

"ही मेलीय. ओतून टाका."

"अहो, ही तुम्हीच नाशिकहून आणलेली," काकू म्हणाल्या. "सगळ्यात महागाची."

काकांनी ग्लास परत एकदा कानाला लावला आणि अलगद खाली ठेवला.

"मग राहू दे फ्रिजमध्ये. गणपती गेले की पिऊन बघू. तेव्हा चांगली लागेल."